पावणेदोन इंची टायर

सायकलच्या टायरबद्दल मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. आमच्या सोसायटीत हल्ली हिवाळ्यात रोज सकाळी एक घोळका जमतो. हेल्मेट, हातमोजे, डोळ्यांवर पिवळे चष्मे, असा सगळा थाट. अरवलीतल्या कच्च्या रस्त्यांवर जायचं म्हणून टायर किती रुंद हवेत यावर त्यांचा तासभर वाद चालतो आणि निघेपर्यंत ऊन वर आलेलं असतं. मी दूध घ्यायला खाली उतरते आणि गप्प बसवत नाही म्हणून बोलून जाते. एकदा त्यातल्या एकाने विचारलं, "आंटी, आपको कैसे पता?" मी म्हटलं, बेटा, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून पता आहे. ते शहाणपण मला कुठल्या हिवाळ्यात आलं, ते मात्र मी त्याला सांगितलं नाही.

नव्वदीची सुरुवात, देशाचा बाजार नुकता खुला होत होता. मानेसरला गाड्यांचे आणि सुट्या भागांचे कारखाने उभे राहत होते. पुण्याला शिकून आलेल्या मला त्यातल्याच एकात नोकरी लागली. गाडीत जिथे जिथे रबर असतं ते सगळं आमच्याकडे तपासलं जायचं. दाबायचं, ओढायचं, गोठवायचं, फाडायचं आणि कागदावर लिहायचं. मजल्यावर मी एकटीच बाई होते आणि मला त्याचा जरा जास्तच अभिमान होता. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा मीच म्हटलं, चला माझ्याकडे. गुडगावच्या एका नव्या सेक्टरमध्ये मी चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. समोर सिमेंटचा कोरा रस्ता, मागे झुडपांचं माळरान, आणि खाली उतरलं तर बोलायला फक्त चौकीदार. आईला ते मानवलं. तिने आठवड्याभरात खालच्या तिन्ही मजल्यांवरच्या बायकांच्या घरातलं मीठमिरचीपर्यंत सगळं माहीत करून घेतलं. बाबांचं मात्र कठीण होतं. चाळीस वर्षं दिल्लीत काढलेला माणूस बाल्कनीत उभा राहून नुसता रस्त्याकडे बघायचा.

त्यांना एकच जागा होती जायला. माळरानाच्या पलीकडे, तीन किलोमीटरवर, एका प्लॉटवाल्या कॉलनीत त्यांचे जुने मित्र राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. एकाच कचेरीत एकाच विभागात दोघांनी नोकरी केली, शेजारच्या क्वार्टरमध्ये राहिले, आणि रोज सकाळी शेजारी शेजारी सायकली हाकत कचेरीत गेले. बाबांच्या दोन वर्षं आधी निवृत्त होऊन काकांनी तिकडे घर बांधलं होतं. आम्ही राहायला आलो त्याच पावसाळ्यात काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

बोलणं गेलं ते सगळं नाही. चाळीस वर्षं ज्या इंग्रजीत त्यांनी फायलींवर शेरे मारले ती गेली, बाजारातली हिंदी गेली. तळाशी थोडी मराठी उरली. काकू आधीच गेलेल्या, आणि घरात तर मराठी कुणालाच धड येत नव्हती. मुलगा दिल्लीत वाढलेला, त्याची मराठी "जेवलात का" आणि "झोपा आता" एवढ्यावर संपायची. सूनबाई मेरठच्या. भली मुलगी, जिवाचं रान करायची, पण काका काय म्हणतात ते तिला कसं कळणार? डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले काही महिने रोज यांच्याशी यांच्या भाषेत कुणीतरी बोललं पाहिजे, एक दिवसही सोडू नका, जे परत येईल ते आत्ताच येईल.

तर हे काम बाबांनी घेतलं. सकाळी आठला निघायचे, मागे कॅरिअरला मराठी वर्तमानपत्राची गुंडाळी. हायवेने गेलं तर अकरा किलोमीटर आणि ट्रकांची रांग, म्हणून मागच्या माळरानातून. चालणं त्यांच्या गुडघ्यांना जमत नव्हतं, सायकल जमायची. मी टॅक्सीचं काढलं तर म्हणाले, "रोज टॅक्सी? मी मंत्री आहे का?" दुपारी परत आले की आईला सांगायचे, आज तो अमुक म्हणाला. दिवाळीपर्यंत काका चक्क वाक्य बोलायला लागले होते. "खिडकी लाव, गार लागतंय." बाबा हे वाक्य चार दिवस घरभर सांगत फिरत होते. मीसुद्धा खूश होते, खोटं कशाला बोलू.

आता रस्त्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पहिला तुकडा सिमेंटचा, नवीन, पण चहूकडे बांधकामं चाललेली. हिवाळ्यात रात्रभर दव पडायचं आणि त्यात ती बारीक धूळ भिजून रस्त्यावर साय धरल्यासारखा थर बसायचा. दुसरा तुकडा वाळूचा, एका कोरड्या ओढ्याचं पात्र, शंभरेक पावलं, घोट्यापर्यंत पाय जाईल अशी वाळू. तिसरा सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, शेताच्या कडेने, चिकणमातीचा. पावसाळ्यात वाळू ओली आणि घट्ट असते, सायकल निघून जाते. थंडी पडली, वाळू कोरडी झाली, आणि डिसेंबरातल्या एका मंगळवारी बाबा त्यात पडले.

त्यांची सायकल जुनी काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, दीड इंची टायरची. पुढचं चाक वाळूत सुरीसारखं घुसलं आणि बाबा हँडलवरून पुढे गेले. मनगट मुरगळलं, गुडघा सोलवटला. संध्याकाळी मी घरी आले तर आई हळद लावत होती आणि बाबा अपराध्यासारखे बसले होते. मी सायकलच्या कुलपाची चावी काढून पर्समध्ये टाकली. "टायर बदलल्याशिवाय सायकल बंद," मी म्हटलं. "हा सरळ रबराचा प्रश्न आहे, आणि रबर माझा विषय आहे."

बाबा म्हणाले, "अगं पण तोवर त्याचं काय?"

"आठवडाभर त्यांची सून बोलेल. आठवड्याने काही होत नाही."

असं मी म्हटलं. मला स्पष्ट आठवतंय, कारण बोलताना मी पोळी मोडत होते आणि मला भूक लागली होती.

अठ्ठावीसच्या चाकाला तेव्हा रुंद टायर मिळतच नव्हता. म्हणून मी माझी सव्वीस इंची सायकल बाहेर काढली. सरळ हँडलची, जाड नळीची, पहिल्या पगारातून हौसेने घेतलेली आणि मग तशीच पडून राहिलेली. रविवारी सकाळी स्कूटरवर दिल्लीतला झंडेवालानचा सायकल बाजार गाठला. बाबांनी निघताना विचारलं होतं, "आज रविवार आहे, तर स्कूटरवर मला त्याच्याकडे सोडशील का?" मी म्हटलं, "पुढच्या रविवारी नक्की. आज दुकानं बारालाच गर्दीने भरतील." बाजारात दोन तास घालवून दोन इंचांहून जास्त रुंद, गुठळ्यागुठळ्यांचा टायर घेतला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पहाड़ पे जाना है?" म्हटलं, भैया, मेरे पिताजी को रेत पे जाना है. रुंद टायर वाळूवर पसरतो, वजन वाटलं जातं, चाक बुडत नाही. हे मला त्याच्याकडून शिकायला नको होतं, हे मी रोज कारखान्यात मोजत होते.

घरी येऊन टायर चढवले, हवा माझ्या मापाने भरली, आणि संध्याकाळी स्वतः ओढ्यापर्यंत जाऊन आले. वाळूवरून अशी गेले की मला शीळ घालावीशी वाटली. चावी बाबांच्या हातात दिली आणि म्हटलं, "उद्यापासून चालू."

सोमवारी बाबा दहा वाजताच परत आले. मी सव्वासहाच्या कंपनीच्या बसने गेलेली, त्यामुळे मला संध्याकाळी कळलं. वाळूतून ते पाय टेकत, ढकलत कसेबसे गेले. पुढे सरसोंच्या शेतातलं पाणी रस्त्यावर आलं होतं. त्या चिखलात टायरच्या गुठळ्यांनी एवढी माती उचलली की मडगार्डमध्ये गच्च बसली आणि चाक फिरेना. बाबा काठीने माती काढत बसले, दोनदा काढली, दोनदा भरली, दम लागला आणि मागे फिरले. "ही सायकल आहे का रेडा?" ते म्हणाले. मला राग आला, पण चिखलाचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तो तुकडा मी तपासलाच नव्हता, ओढ्यावरून शीळ घालत परत आले होते. वाळूत पाय का टेकावे लागले, हे मात्र मला कळेना. म्हटलं, वय झालं, घाबरतात.

चावी पुन्हा माझ्या पर्समध्ये.

त्या आठवड्यात सूनबाईंचा फोन आला. "अंकल, पापाजी कुछ माँग रहे हैं, हमें समझ नहीं आ रहा." बाबा म्हणाले, रिसीव्हर त्याच्या कानाला लाव. मग बाबा फोनवर बोलत राहिले. आज काय वार, बाहेर धुकं किती, आमच्याकडे भाजी कसली. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. काकांना तोंड दिसल्याशिवाय बोलणं जमत नव्हतं, फोन म्हणजे त्यांना नुसता कानात शिरलेला आवाज. शेवटी त्यांनी रिसीव्हर ढकलून दिला, ते इकडे ऐकू आलं. बाबांनी फोन ठेवला आणि बाल्कनीत गेले. मी तिकडे गेले नाही. मी टेबलावर कागद घेऊन टायरची आकृती काढत होते.

पुढच्या रविवारी पुन्हा झंडेवालान. स्कूटरचं वचन मला आठवत होतं, बाबांनी आठवण करून दिली नाही एवढंच. या वेळी मी पावणेदोन इंची टायर आणला. मध्ये जवळजवळ सपाट, कडेला बुटक्या, विरळ गुठळ्या. वाळूला पुरेसा रुंद, चिखल धरून न ठेवणारा, आणि ओल्या सिमेंटवर मधल्या सपाट पट्टीने घट्ट बसणारा. मोठ्या गुठळ्यांचा टायर ओल्या गुळगुळीत रस्त्यावर घसरतो, लोकांना वाटतं उलट. आजही त्या रस्त्याला मी हाच टायर सांगेन आणि कुणाचं ऐकून घेणार नाही. या वेळी तिन्ही तुकडे स्वतः तपासले, काकांच्या कॉलनीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. कुठेही पाय टेकला नाही. फाटकापर्यंत गेले होते, दोन गल्ल्या पुढे काकांचं घर होतं, पण अंधार व्हायच्या आत परतायचं म्हणून आत गेले नाही.

सोमवारी बाबा वाळूत पुन्हा घसरले. पडले नाहीत, पण पाय वेडावाकडा पडला आणि आधीच दुखरा गुडघा सुजला. तिथूनच परत फिरले.

मी त्या संध्याकाळी जे बोलले ते लिहायला हात जड होतो, तरी लिहिते. मी म्हटलं, "बाबा, टायरमध्ये काहीही चूक नाही. तुम्हाला आता सायकल येत नाही." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातून चावी काढून, मी न मागता, टेबलावर ठेवली आणि झोपायला गेले. साडेआठ वाजले होते.

तिसऱ्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुझ्या त्या टायरात हवा का नसते गं?"

"म्हणजे?"

"अगं, हे दर वेळी निघायच्या आधी वर्षानुवर्षांसारखा अंगठा दाबून बघतात. म्हणतात, पोरीने हवा कमीच भरलीय, आणि थंडीने अजून उतरलीय. मग पायपंपाने भरतात. टिचकी मारली की टण वाजेपर्यंत."

मी खाली जाऊन टायरला टिचकी मारली, टण वाजलं.

लक्ष्मीबाई नगरला दर रविवारी सकाळी हा सोहळा व्हायचा. ओळीने क्वार्टर, प्रत्येकाच्या दारात सायकल उलटी केलेली, आणि सगळे मराठी, बंगाली, मद्रासी बाबू अंगठ्याने टायर दाबताहेत. टणक हवा ही शिस्त होती. ढिली हवा घेऊन कचेरीत जाणारा माणूस म्हणजे फाईल दाबून ठेवणारा माणूस, अशी बाबांची खात्री. डांबरी रस्त्यावर त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. वाळूत मात्र दगडासारखा फुगलेला टायर, पावणेदोन इंची असो की सव्वादोन, बुडणारच. रुंद टायर पसरतो तो हवा कमी असली तर. मी दोन्ही वेळा माझ्या हवेवर तपासलं आणि बाबा दोन्ही वेळा त्यांच्या हवेवर गेले. मी सव्वासहाला बसमध्ये, ते पावणेआठला पंपावर. रबराची सगळी मापं घेणाऱ्या बाईने घरातल्या माणसाला एका वाक्याने सांगितलं नव्हतं की बाबा, यात हवा कमी ठेवायची असते. त्यांनी विचारलं नाही, कारण मी विचारू देत नव्हते.

मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "बाबा, सायकल तुम्हाला येते. चूक माझी आहे." मग हवेचं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी चुकीची हवा भरली?"

"नाही हो. रस्ता बदलला."

"हं," ते म्हणाले. "अच्छा."

रविवारी मी बाजारात गेले नाही. धुकं एवढं होतं की चौथ्या मजल्यावरून खालचा रस्ता दिसत नव्हता. मी शेजारणीची सायकल मागून घेतली आणि दोघं निघालो. ओढ्याशी थांबून बाबांना म्हटलं, आता तुमच्या अंगठ्याने बघा, एवढी. अंगठा निम्मा आत जाईल एवढी. त्यांनी स्वतः वाल्व दाबून हवा सोडली, तोंड वाकडं करून, आपल्या हाताने काहीतरी बिघडवत असल्यासारखी. मग बसले आणि वाळूतून सरळ पलीकडे गेले. पलीकडे जाऊन मागे वळून बघितलं. म्हणाले, "बरं चालतंय की." मला रडू आलं, पण धुक्यात कुणाला दिसतंय. चिखल पार झाला, शेत पार झालं, आणि जवळजवळ तीन आठवड्यांनी बाबा काकांच्या दारात सायकलवरून उतरले.

काका खिडकीशी खुर्चीत होते. बाबांना बघून त्यांचा डावा हात वर आला, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. जीभ शोधत होती ते दिसत होतं. सूनबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, आठ-दहा दिन से ऐसे ही हैं, अब कुछ माँगते भी नहीं.

बाबांनी खुर्ची ओढली, त्यांच्या अगदी समोर बसले, तोंड दिसेल असे. म्हणाले, "रस्ता खराब होता रे. म्हणून येणं झालं नाही."

मी दारातच उभी राहिले. ते माझं नाव घेऊ शकले असते, मी मान खाली घालून ऐकलं असतं. त्यांनी घेतलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही.

मग त्यांनी तिपाईवरचा पेला उचलून काकांच्या डोळ्यांसमोर धरला. "पाणी," ते म्हणाले. "म्हण. पाणी." काकांचे ओठ मिटले, उघडले. बाबांनी पुन्हा म्हटलं, "पाणी."

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या दोन हिवाळ्यांत बाबांची एकही सकाळ चुकली नाही, टायर एकदाही घसरला नाही. काका शब्द शिकले. पाणी, चहा, पेपर, बस, जा. वाक्य मात्र पुन्हा आलं नाही. डॉक्टर म्हणाले, तो खंड पडला नसता तरी तसंच झालं असतं. बाबा शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. मला ते पटत नाही.